अकरावीच्या फॉर्मवर गणित ठेवा: मराठवाड्यातल्या मुलींसाठी अवकाश अभियांत्रिकीचा रस्ता

दहावीला नव्वदच्या पुढं मार्क पडले की मराठवाड्यातल्या मुलीचं पुढचं सगळं मामा, आत्या आणि शेजारचे सर मिळून ठरवून टाकतात. लातूरला टाकायचं, नीटची तयारी करायची. गणित कशाला डोक्याला ताप? त्याच्याऐवजी भूगोल घे, तेवढाच जीवशास्त्राला वेळ मिळेल. मुलगीही मान डोलावते, कारण पंधराव्या वर्षी मामाशी वाद कोण घालणार!

ज्या मुलीला रॉकेट, उपग्रह, चांद्रयान यांचं वेड आहे तिची वाट बहुतेक वेळा याच फॉर्मवर अडते, आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुढं दोन वर्षांनी ती विचारते, "सर, इस्रोत जायला काय करावं लागतं?" तेव्हा अभियांत्रिकीच्या सीईटीचा गणित हा विषयच तिच्याकडं नसतो. म्हणून हा लेख वर्गवार लिहिलाय. ज्या इयत्तेत तुम्ही आहात तिथून वाचायला घ्या, पण मागचंही चाळा. घरात धाकटी बहीण असतेच. डॉक्टर व्हायचं मनापासून असेल तर जरूर व्हा. फक्त गणित सोडायचा निर्णय आपला आपण घ्या, वर्गातल्या सगळ्याजणींनी सोडलं म्हणून नको.

काम नेमकं काय असतं

अवकाश म्हटलं की लोकांना अंतराळवीर आठवतो. अंतराळवीर मोजके, त्यांच्या मागं जमिनीवर हजारो माणसं काम करतात आणि आपला विषय ती माणसं आहे. रॉकेटच्या इंजिनाचा पंप आखणारी, उपग्रहाच्या तारांची जुडी बांधणारी, कक्षेचं गणित मांडणारी, सॉफ्टवेअर लिहून ते चुकतं का हे महिनोन् महिने तपासणारी, श्रीहरिकोट्याला इंधन भरण्यावर नजर ठेवणारी.

एकच उदाहरण जवळून बघू. पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी मारतो. म्हणजे दिवसातून पंधरा-सोळा वेळा तो उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात येतो. वर हवा नाही, त्यामुळं उष्णता वाहून न्यायला वारा नाही. ऊन लागलेली बाजू भाजते, दुसरी गोठते, आणि आतली बॅटरी मात्र ठरावीक तापमानातच नीट चालते. यावर उपाय म्हणून उपग्रहाला एक आवरण घालतात. सोनेरी-चंदेरी चकाकणारं ते आवरण तुम्ही फोटोत पाहिलंय. ते एका पत्र्याचं नसतं. धातूचा मुलामा दिलेल्या अतिशय पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यांचे थर, मधे जाळीदार कापड, सगळं मापात कापून शिवलेलं. आपल्याकडं आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवते तीच रीत: थरावर थर, आणि मधल्या फटीनं ऊब धरून ठेवायची. फरक इतकाच की इथं शिवणारीनं डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घातलेला असतो, खोलीतली हवा गाळून घेतलेली असते, आणि कोणता कोपरा किती तापेल याचं गणित तिच्या शेजारी बसलेल्या बाईनं आधीच संगणकावर मांडून ठेवलेलं असतं. नंतर तो उपग्रह हवा काढून घेतलेल्या मोठ्या टाकीत ठेवून तापवतात, गार करतात, वेगळ्या यंत्रावर गदागदा हलवून बघतात. वर गेल्यावर दुरुस्तीला मिस्त्री पाठवता येत नाही.

यात ताकदीचा प्रश्न कुठं आला? चिकाटी लागते, हात स्थिर लागतो, आणि गणित लागतं.

बायका या कामात वरच्या जागी आहेत का, असं घरचे विचारतील. सांगा त्यांना. चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता होत्या आणि मोहीम संचालक रितू करिधाल. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा टीव्हीवर बोललेल्या कल्पना के. त्या प्रकल्पाच्या उपप्रमुखांपैकी. २ सप्टेंबर २०२३ ला सूर्याकडं निघालेल्या आदित्य एल-१ च्या प्रकल्प संचालक निगार शाजी तमिळनाडूतल्या सेनगोट्टई या छोट्या गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. सरकारी शाळा, मग तिरुनेलवेलीचं सरकारी अभियांत्रिकी कॉलेज. सेनगोट्टईच्या जागी अंबड किंवा औसा वाचून बघा, गोष्ट तीच राहते. मला तर वाटतं, शाळेच्या भिंतीवर कल्पना चावलांच्या फोटोशेजारी निगार शाजींचा फोटो लावायला हरकत नाही. त्यांचा रस्ता आपल्या मुलींना जास्त जवळचा आहे.

आठवी, नववी, दहावी: तारखा चुकवू नका

या वयात अभ्यासापेक्षा माहिती उशिरा पोहोचते ही आपल्याकडची मोठी अडचण. परभणी-हिंगोलीच्या खेड्यातली मुलगी पुण्याच्या मुलीपेक्षा कमी हुशार नसते, पण तिला फॉर्म निघाल्याचं कळतं ते शेवटच्या तारखेनंतर.

आठवीत एनएमएमएसची परीक्षा द्या. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी ती असते, घरच्या उत्पन्नाची अट साडेतीन लाखांची आहे, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. या पैशातून पुस्तकं येतात, शिवाय "पोरीला सरकारनं शिष्यवृत्ती दिली" या एका वाक्यानं घरातलं वजन वाढतं ते वेगळंच.

नववीत असाल तर इस्रोचा युविका कार्यक्रम. २०१९ पासून सुरू आहे. नववीच्याच मुलामुलींसाठी, उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण दोन आठवडे इस्रोच्या एखाद्या केंद्रात राहून शिकायचं. जाणं-येणं, राहणं-खाणं इस्रोकडं. अर्ज इस्रोच्या संकेतस्थळावर वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत निघतो. निवडीत आठवीचे मार्क, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, स्काउट-गाइड किंवा एनसीसी यांचे गुण धरतात, आणि गावातल्या शाळेत शिकणाऱ्यांना त्याबद्दल वेगळे गुण मिळतात. आपल्या ग्रामपंचायतीतली शाळा इथं कामाला येते! त्यासाठी आठवीतच तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात भाग घेऊन प्रमाणपत्र जपून ठेवा. नंतर ते प्रमाणपत्र शाळेच्या कपाटात शोधत बसायची वेळ येते.

इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या योजनेत शाळेमार्फत कल्पना पाठवली आणि निवडली गेली की मॉडेल करायला १०,००० रुपये खात्यात येतात. पवनचक्कीचं तेच ते मॉडेल नको. गावातली खरी अडचण घ्या. नवोदय विद्यालयांमधून मुलींसाठी विज्ञान ज्योती हा उपक्रम चालतो, नववी ते बारावीसाठी. तुमच्या जिल्ह्यातल्या नवोदयमध्ये चौकशी करा.

आणि हे घरच्या घरी करण्यासारखं. २०-२१ मार्चला किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास अंगणात बरोबर १०० सेंटिमीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करा. सूर्य माथ्यावर यायच्या आधी अर्धा तास सुरू करून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं मारा. सगळ्यात आखूड सावली मोजा. लातूरला ती साधारण ३३ सेंटिमीटर भरेल, छत्रपती संभाजीनगरला साधारण ३६. सावली भागिले काठी हा कोनाचा टॅन, त्यावरून कोन काढा. तो कोन म्हणजे तुमच्या गावाचा अक्षांश. आता लातूरची मावसबहीण आणि तुम्ही एकाच दिवशी मोजा. दोन कोनांतला फरक साधारण दीड अंश येतो, आणि दोन शहरांमधलं सरळ दक्षिणोत्तर अंतर साधारण १६५ किलोमीटर आहे. (एसटीच्या रस्त्याचं अंतर धरू नका, ते वाकडंतिकडं जातं. नकाशावरून घ्या.) ३६० भागिले दीड, गुणिले १६५. पृथ्वीचा घेर निघतो, चाळीस हजार किलोमीटरच्या जवळपास. मापात दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली की उत्तर किती घसरतं हेही करून बघा. खरं शिक्षण तिथं आहे. उपग्रहावर सूर्याची दिशा ओळखणारं उपकरण असतं आणि त्यावरून उपग्रह आपलं तोंड कुठं आहे हे ठरवतो. तुमच्या काठीचं आणि त्याचं काम एकाच जातीचं.

आयतंच बघायचं असेल तर संभाजीनगरला एमजीएमच्या आवारात अब्दुल कलामांच्या नावाचं अंतराळ विज्ञान केंद्र आहे. शाळेची सहल दरवर्षी वेरूळलाच जाते, तिथून हे फार लांब नाही.

अकरावीचा फॉर्म

आता अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. कॉलेजचा पसंतीक्रम भरताना सगळे जण कट-ऑफकडं बघतात आणि विषयांचं काही नंतर बघू म्हणतात. आधी विषय ठरवा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हे तीन हवेतच. चौथा म्हणून जीवशास्त्र ठेवलं तर नीटचं दारही उघडं राहतं. भार पडतो हे खरं, पण ज्या मुलीचा निर्णय पक्का झालेला नाही तिनं हा भार वर्षभर उचलावा असं माझं स्पष्ट मत आहे. निर्णय पक्का असेल तर जीवशास्त्राच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र किंवा आयटी घ्या.

बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्राचा, ए ग्रुप गणिताचा. कॉलेजात "सगळ्या मुली बी ग्रुपला आहेत, तू एकटीच ए ग्रुपला कशी?" असं ऐकायला मिळेल. वर्गात मुली कमी असतील. मागं बसू नका, एवढंच.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक बाब. जेईई मेन मराठीतूनही देता येते. एमएचटी-सीईटीत भौतिक-रसायनचा पेपर मराठीत निवडता येतो, गणिताचा मात्र इंग्रजीतच येतो. जेईई ॲडव्हान्स्डला इंग्रजी किंवा हिंदी. म्हणून दहावीनंतरच्या सुट्टीत गणिताचं इंग्रजी पुस्तक वाचायला घ्या, नवा धडा शिकायला नव्हे तर दहावीचंच गणित इंग्रजीतून पुन्हा करायला. दोन महिन्यांत भीती जाते.

बारावीनंतर: कोणतं कॉलेज, कोणती शाखा

सगळ्यात सरळ वाट तिरुवनंतपुरमजवळ वलियमलाला असलेल्या आयआयएसटीची. अवकाश खात्यानं २००७ साली काढलेली ही संस्था. एरोस्पेस अभियांत्रिकी, एव्हिऑनिक्स (यानावरची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) अंगानं इलेक्ट्रॉनिक्स, आणि पाच वर्षांचा दुहेरी पदवीचा अभ्यासक्रम तिथं आहे. प्रवेशासाठी आधी जेईई मेनमधून पहिल्या अडीच लाखांत येऊन ॲडव्हान्स्डला बसायचं, ॲडव्हान्स्ड पास व्हायचं, आणि मग आयआयएसटीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करायचा. आयआयटीच्या सामायिक फेरीत ही संस्था येत नाही. हा वेगळा अर्ज राहून जातो आणि मुली हळहळतात. इस्रोत थेट घेण्याच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात दिलेल्या असतात; ऐकीव माहितीवर जाऊ नका, ते वाचा.

आयआयटींमध्ये मुलींसाठी २०१८ पासून वाढीव जागा आहेत. त्यामुळं ज्या क्रमांकाला मुलाला एरोस्पेस मिळत नाही तिथं मुलीला मिळू शकतं. "आपला नंबर लागणार नाही" असं आधीच म्हणून फॉर्म न भरणं हा निव्वळ तोटा.

पण ॲडव्हान्स्ड नाही जमली तर? बहुतेकींना जमत नाही, आणि त्यानं काही बिघडत नाही. इस्रोच्या अभियंता भरतीत सगळ्यात जास्त जागा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सच्या असतात. एरोस्पेस हे नाव पदवीवर असणं गरजेचं नाही. म्हणूनच लाखोंची फी घेऊन "एरोस्पेस" किंवा "एरोनॉटिकल" विकणाऱ्या लांबच्या खासगी कॉलेजात जाण्यापेक्षा घराजवळच्या सरकारी कॉलेजात मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्या. नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी कॉलेज, म्हणजे विष्णुपुरीचं एसजीजीएस, आणि संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय ही दोन नावं पसंतीक्रमात वर ठेवा. एसजीजीएसला इन्स्ट्रुमेंटेशनही आहे. मोजमापाचं ते शास्त्र अवकाशाच्या कामाला फार लागतं आणि त्याकडं मुली कमी जातात. पुण्याला सीओईपी मिळत असेल तर तिथं विद्यार्थ्यांनीच बनवलेला, सुमारे एक किलोचा "स्वयम्" उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीनं वर नेला होता हे लक्षात असू द्या.

कॉलेजात गेल्यावर एकच आकडा भिंतीवर लिहून ठेवा: ६५ टक्के. इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता पदाला बी.ई. किंवा बी.टेक. प्रथम श्रेणीत, एकूण ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ सीजीपीए लागतात. पहिल्या वर्षी "फर्स्ट इयरला सगळ्यांनाच केटी लागते" म्हणून सोडून दिलेलं शेवटी भरून काढता येत नाही.

दहावीनंतर डिप्लोमा किंवा आयटीआय

ही वाट कमी दर्जाची नाही. ज्या घरात मुलीला सहा-सात वर्षं शिकवायची ऐपत किंवा तयारी नाही तिथं ती जास्त शहाणपणाची.

दहावीच्या मार्कांवर तंत्रनिकेतनात मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरला प्रवेश मिळतो. मराठवाड्यात जवळपास प्रत्येक जिल्ह्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि लातूरला तर मुलींसाठीच शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे, "राहायचं कुठं?" हा प्रश्न तिथं आपोआप सुटतो. प्रथम श्रेणीत डिप्लोमा झाला की इस्रोच्या तांत्रिक सहायक पदाला अर्ज करता येतो, मूळ पगार ४४,९०० पासून. किंवा थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीत जाता येतं. आयटीआयवर तंत्रज्ञ पद आहे: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक; मूळ पगार २१,७०० पासून, भत्ते वेगळे. बी.एस्सी. प्रथम श्रेणी असेल तर वैज्ञानिक सहायक. अभियंत्याचा मूळ पगार ५६,१०० पासून सुरू होतो, तुलनेसाठी सांगितलं.

संभाजीनगरला चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा केलेल्या मुलीला संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर मायक्रॉनमध्ये काम करता येतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि रॉकेटच्या झडपेला तेवढीच अचूकता लागते. मशीन शॉपला मुली नकोत असं म्हणणारे सुपरवायझर आजही भेटतात. त्यांचं मत मापपट्टीवर बदलतं. जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मापात काढून समोर ठेवा.

एक प्रकल्प, जो आपल्याकडंच करता येतो

कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट विकत घेण्याची वाईट खोड आहे. मुलाखतीत पहिल्या दोन प्रश्नांत ते उघडं पडतं. त्याऐवजी हे करा.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा मांजरा धरण कोरडं पडलं होतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची तेव्हाची चित्रं आजही फुकट मिळतात. ती चित्रं दाखवणारं कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ उघडा, केज तालुक्यातलं धनेगाव शोधा, एप्रिल २०१६ चं ढग नसलेलं चित्र घ्या. मग चांगल्या पावसाच्या वर्षातलं ऑक्टोबर-नोव्हेंबरचं घ्या. पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परत फेकतं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा गिळतं. म्हणून हिरव्यातून अवरक्त वजा करा आणि दोघांच्या बेरजेनं भागा: बँड ३ उणे बँड ८, भागिले बँड ३ अधिक बँड ८. उत्तर शून्याच्या वर गेलं की तिथं बहुधा पाणी. एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर. पाण्याचे ठिपके मोजा. दहा हजार ठिपके म्हणजे १०० हेक्टर.

आता गंमत पुढं आहे. काही ठिकाणी गाळ असलेलं पाणी सुटून जाईल, कुठं सावली पाणी म्हणून मोजली जाईल. ते का झालं, शून्याच्या जागी दुसरा आकडा धरला तर काय होतं, धरणावरच्या पाणीपातळीच्या सरकारी नोंदीशी किती जुळतं, हे सगळं लिहा. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये होतं. नकाशांवर काम करायचं सॉफ्टवेअर म्हणून क्यूजीआयएस फुकट आहे. डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्गही विनाशुल्क असतात आणि प्रमाणपत्र देतात. दुष्काळ आपण भोगलाय, तर त्याचा अभ्यासही आपल्या मुलींनी का करू नये?

हातानं काही बनवायची आवड असेल तर चार-पाच जणींचा गट करून कॅनसॅट स्पर्धेत उतरा. डब्याएवढ्या आकारात तापमान, दाब मोजणारी यंत्रणा, पॅराशूट, आणि खाली माहिती पाठवणारा रेडिओ. इन-स्पेस ही सरकारी संस्था यात सहभागी आहे. सोल्डरिंग स्वतः करा, गटातल्या मुलांच्या हातात देऊन आपण अहवाल लिहायला बसू नका. हे मी मुद्दाम लिहितोय. मुलामुलींच्या गटात अक्षर चांगलं म्हणून अहवाल मुलीकडं आणि पाना-पक्कड मुलाकडं, असं न ठरवता ठरलेलं असतं.

आणखी एक, शाळकरी मुली या कामात याआधी उतरल्यात. आझादीसॅट हा छोटा उपग्रह देशभरातल्या ७५ सरकारी शाळांमधल्या ७५० मुलींनी मिळून केला. ऑगस्ट २०२२ मध्ये रॉकेटनं त्याला योग्य कक्षेत पोहोचवलं नाही आणि तो गेला. पुन्हा केला, १० फेब्रुवारी २०२३ ला दुसरा पोहोचला. या क्षेत्रात हे असंच चालतं.

पैसे आणि कागद

अभियांत्रिकीचं नाव काढलं की वडील आधी फी विचारतात, आणि ते बरोबरच आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश सरकारी कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत गेली. एससी-एसटीच्या योजना वेगळ्या आहेत आणि त्याही महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरच भरायच्या. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती मुलींसाठीच आहे: वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, डिग्री आणि डिप्लोमा दोन्हीला. एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या चालतात का, याची अट अर्जाआधी वाचून घ्या.

खरी अडचण पैशाआधी कागदांची होते. जात पडताळणी अकरावीतच टाका. बारावीच्या निकालानंतर टाकली तर प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत समितीच्या दारात उभं राहायची वेळ येते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रीमीलेअर हे तहसीलचं काम सेतू केंद्रातून होतं. निकालानंतर तिथं रांग लागते, म्हणून एप्रिल-मेमध्येच उरका. आधारवरचं नाव, दहावीच्या सनदेवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच आहे ना, हे बघा. आणि बँक खातं मुलीच्या स्वतःच्या नावावर, आधारशी जोडलेलं हवं. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. तो असतानाही "जायला-यायला परवडत नाही" म्हणून शाळा सुटलेल्या मुली आहेत, कारण शाळेत कुणी सांगितलंच नाही.

घरी कसं बोलायचं

घरातल्या बोलण्यात तीन मुद्दे येतातच. पहिला: "त्रिवेंद्रम लई लांब, एकटी कशी राहणार?" आयआयएसटी निवासी आहे, मुलींचं वेगळं वसतिगृह आहे. आणि नांदेड-परभणीकडून सिकंदराबाद गाठलं की तिथून तिरुवनंतपुरमला थेट गाडी आहे. कागदावर गाडीची वेळ लिहूनच वडिलांपुढं ठेवा. रस्ता दिसला की लांब वाटत नाही.

दुसरा: "लग्नाचं काय?" याला भांडून उत्तर देऊ नका. केंद्र सरकारची नोकरी आहे, बाळंतपणाची १८० दिवस भरपगारी रजा आहे, मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण नोकरीत ७३० दिवसांपर्यंतची वेगळी रजा आहे, केंद्रांजवळ राहायला वसाहती आहेत. आत्याबाईंना हे आकडे कळतात. जास्त नाजूक मुद्दा वेळेचा आहे: डिग्री, मग एक-दोन वर्षं भरतीची वाट. तेवढी वर्षं मागून घ्या, स्पष्ट तारखेनिशी. "चोवीस वर्षांची होईस्तोवर विषय काढायचा नाही" असं बोलणं आजीसमोर झालेलं बरं. आजीनं एकदा मान्य केलं की बाकीचे गप्प बसतात.

तिसरा उघड बोलला जात नाही: हिला खरंच जमेल का? त्याला तोंडी उत्तर नाही. युविकाचं निवडपत्र, एनएमएमएसचा निकाल, अंगणात मोजलेला पृथ्वीचा घेर, ही उत्तरं आहेत.

शिक्षकांसाठी एवढंच म्हणेन. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक कॅलेंडर लावा आणि त्यावर एनएमएमएस, इन्स्पायर, युविकाच्या तारखा लिहा. पालकसभेत अकरावीच्या विषयांवर बोला, आणि ते दहावीच्या निकालाआधी बोला.

इस्रो एकटीच नाही

इस्रोची भरती ही मोठी गर्दीची परीक्षा. जाहिरात संकेतस्थळावर येते, अभियंता पदाला साधारण २८ वर्षांपर्यंत वय चालतं (आरक्षणानुसार सवलत), लेखी परीक्षा आणि मग मुलाखत. काही जाहिरातींत गेट या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी परीक्षेचे गुण धरले जातात. म्हणून गेट द्याच, तो एम.टेक.लाही उपयोगी पडतो. रितू करिधाल यांनी लखनौला भौतिकशास्त्र शिकून मग बंगळुरूच्या आयआयएससीतून पुढचं शिक्षण घेतलं होतं. उशिरा वळलेली वाटही पोहोचते.

भरतीच्या भरवशावर तीन वर्षं घरी बसू नका. २०२० मध्ये इन-स्पेस स्थापन झाल्यापासून खासगी कंपन्या मोकळेपणानं उतरल्यात: हैदराबादच्या स्कायरूटनं १८ नोव्हेंबर २०२२ ला विक्रम-एस उडवलं, चेन्नईच्या अग्निकुलनं ३० मे २०२४ ला आपलं अग्निबाण. नांदेडहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे, हे मी दरवर्षी मुलींना नकाशावर दाखवतो. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरची आवरणं बनतात. उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारं राज्याचं केंद्र नागपूरला आहे.

आणि एक काम घराच्या दारात येतंय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत जवळपास पूर्ण निर्वात नळी, लेझर, आणि जमिनीची बारीकशी थरथरही आरशापर्यंत पोहोचू न देणारी यंत्रणा. हे अवकाशयान नाही, पण निर्वात तंत्र, प्रकाशशास्त्र, नियंत्रण, कंपनं, स्वच्छ खोलीतलं काम, कौशल्यं सगळी तीच. औंढा, वसमत, कळमनुरीकडच्या ज्या मुली आज आठवी-नववीत आहेत, त्या डिप्लोमा किंवा डिग्री करून बाहेर पडतील तेव्हा तिथं फिटरपासून भौतिकशास्त्रज्ञापर्यंत माणसं लागतील. त्यातल्या किमान काही जागांवर तालुक्यातल्याच मुली दिसाव्यात यासाठी यंदाच्या दहावीच्या वर्गात जाऊन कोणीतरी अकरावीच्या फॉर्मबद्दल बोलायला हवं, आणि ते जूनमध्ये नाही, परीक्षेआधीच जानेवारीत.